मधुकरचं साडेचार लाखांचं घड्याळ

आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच यष्टीनं बोरगाव सोडलं. मी आणि माझा चुलतभाऊ मधुकर. फाट्यावर दोन्ही घरची माणसं उभी होती. ट्रंक एकच होती, अर्धी त्याची, अर्धी माझी. किल्ली मात्र मधुकरच्या करदोड्याले बांधलेली. माझी माय म्हणे, "पोहचल्यावर चिठ्ठी धाड गा बाबू." बा यष्टी आल्यावर तेवढं म्हणाला, "येशील तं मान वर करून ये. नाही तं तिकडेच राह्य." मधुकर उमरेड येईपर्यंत रडत होता. मी रडलो नाही. मी पूर्ण रस्ता त्या किल्लीकडे पाहत होतो. किल्ली त्याच्याच कमरेले काहून, हा विचार करत.

म्हणजे माझं हे दुखणं जुनं आहे, पहिलेच सांगून ठेवतो. बोरगावात राहिलेल्यांनो, आणि पुणे, सुरत, हैदराबाद, जिकडे पोट घेऊन गेलं तिकडे गेलेल्यांनो, मधुकरच्या घड्याळाची गोष्ट तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकली आहे. पण जी तुम्ही ऐकली ती मी पसरवलेली आहे. आता खरी लिहितो. शिक्षण माझं चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ पाहू नका, मजकूर पाहा.

नागपूरजवळच्या हिंगण्याले आम्ही एकाच कारखान्यात लागलो. तो वेल्डिंगले, मी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर. पहिल्याच दिवशी सुपरवायजरनं सांगितलं, मशीनवर उभं राहायचं तं अंगठी, कडं, घड्याळ सगळं उतरवायचं. फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे कातायच्या लोखंडात, अडकलं तं हात घेऊन जाते. माझ्याकडे उतरवायले काही नव्हतंच. पुढं चौतीस वर्षं लेथ चालवला, पण मनगटाले कधी काही बांधलं नाही. भोंगा वाजला का जायचं, भोंगा वाजला का यायचं. सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही पाळ्या भोंग्यावर. सुटीच्या दिवशीही कान भोंग्याकडे लागलेले.

चार वर्षांनी एक एजंट आला. मस्कतले वेल्डर पाहिजे होते, लेथ चालवणारे टर्नर पाहिजे होते. मधुकरनं दोघांचं नाव दिलं. मी म्हणालो, परक्याच्या मुलखात जाऊन मी कोणापुढं वाकणार नाही. सगळ्यांनी वाहवा केली. माझ्या बानं तं चार गावांत सांगितलं. खरी गोष्ट अशी का मले विमानाची भीती वाटली. हे आजपर्यंत बायकोलेही माहीत नव्हतं. तीही आता वाचेल.

मधुकर गेला. मग त्याचं पत्र येई, फोटो येई, आणि दर दोन वर्षांनी तो स्वतः येई. कधी टेपरेकॉर्डर, कधी अत्तर, कधी ते जाड मखमलीचं ब्लँकेट, वाघाचं चित्रवालं. मले दरवेळी एक वस्तू आणे. मी घेई, आणि माळ्यावर टाकून देई. ब्लँकेट तेवढं वापरलं. थंडीत माणूस काय करेल.

दोन वर्षांमागं बोरगावले एका लग्नात तो घड्याळ घालून आला. निळी तबकडी, पोलादी पट्टा, हात हलवला का चमके. कोणीतरी किंमत विचारली. तो लाजून म्हणाला, "जास्त नाही, घडी साडेचार लाखाची." जास्त नाही म्हणे! माझा घास तोंडातच राहिला. त्या दिवशी मांडवात नवरदेवाकडे कोणी पाहिलं नाही.

घरी येऊन मी सुमनले, म्हणजे बायकोले, म्हटलं, "साडेचार लाख! टाइम तं तोच दाखवते ना? माझ्या मोबाइलमध्ये फुकटात दिसते. डोकं फिरलं त्याचं."

सुमन भाजी निवडत होती. म्हणे, "तुमच्या काहून पोटात दुखून राहिलं? त्याचा हात, त्याची घडी."

"तुले काय समजते वं!"

"मले एवढं समजते का आपल्या गेटाले तुम्ही स्टीलचे सिंह लावले. साध्या गेटातूनही माणूस आत येतेच."

आता गेटाची गोष्ट वेगळी आहे. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या लाइनीत सगळ्यांचे गेट काळे लोखंडी. मी रिटायर झालो तेव्हा चकाकते स्टीलचे बसवले, वरतून दोन सिंह. येणारा-जाणारा पाहते. गेट घराच्या संरक्षणासाठी असते, असं मी सुमनले समजावलं. ती म्हणे, "सिंह काय रात्री भुंकतात?" मी विषय बंद केला.

पण मनातून विषय बंद झाला नाही. झोपताना तेच, आंघोळ करताना तेच. आम्ही सारखेच निघालो, सारखंच खाल्लं, एका खोलीत एका सतरंजीवर झोपलो. हात माझा त्याच्यापेक्षा चांगला होता, हे सुपरवायजरही म्हणे. मग त्याच्या मनगटावर साडेचार लाख आणि माझ्या मनगटावर नुसते पांढरे केस, हा काय हिशेब? घड्याळ फालतू खर्च आहे असं मी ज्याले-त्याले सांगत सुटलो. पानपट्टीवर सांगितलं, बागेत फिरायले येणाऱ्या म्हाताऱ्यांले सांगितलं. दोघंतिघं हो म्हणाले. त्यांच्या हो म्हणण्यानंही मले बरं वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मधुकर हर्नियाचं ऑपरेशन करायले नागपूरले आला. त्याची बायको मस्कतलेच होती, पोरीच्या बाळंतपणाले. तो आमच्याकडे उतरला. दवाखान्यात भरती करताना नर्सनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढा. त्यानं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणे, "शाम्या, हे तुयाजवळ राहू दे. दुसऱ्या कोणाजवळ देत नाही मी."

मी घरी आणलं. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं, टॉवेल सुमनच्या शालूत ठेवला, शालू आलमारीच्या लॉकरात, आणि दोन कुलपं लावली. माझ्या वस्तू मी कधी इतक्या जपल्या नाहीत. तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता उघडून पाहिलं तं काटे अडीचवर उभे. बंद! उचललं तं बारीक काटा थोडा पळाला. खाली ठेवलं, पुन्हा थोड्या वेळात उभा.

तुम्हाले कसं सांगू मले काय वाटलं. कारखान्यात बोनस लागला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. साडेचार लाखाचं घड्याळ चार दिवस नाही चाललं! माझ्या भिंतीवरचं दीडशेचं घड्याळ सात वर्षांपासून चालू आहे. नक्की डुप्लिकेट. फसवलं त्याले तिकडच्या लोकांनी.

त्याच दिवशी माझा पुतण्या विलास, बोरगावले शेती करते तो, मधुकरले पाहायले आला होता. दवाखान्यातून तो घरी जेवायले आला. मी त्याच्या ताटात वरण वाढता वाढता सांगून टाकलं.

"काय सांगता काकाजी! डुप्लिकेट?"

"मी चौतीस वर्षं मशीन पाहिली आहे. मले नको शिकवू."

विलासचं पोट म्हणजे चाळणी. संध्याकाळपर्यंत बोरगावात मधुकरचं नाव 'डुप्लिकेट सेठ' पडलं. मी ते ऐकलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता मोठेपणा दाखवायची माझी वेळ होती. म्हटलं, बिचारा आजारी आहे, आपणच आपल्या पैशानं सेल टाकून देऊ. घड्याळ रुमालात बांधून खिशात घातलं आणि सक्करदरा चौकाजवळच्या घड्याळवाल्याकडे गेलो. छोटी टपरी, काचेचा डबा, डोळ्याले भिंग लावलेला माणूस. मी म्हटलं, "याले सेल टाकून दे. चांगला टाकजो, चाळीसवाला."

त्यानं रुमाल सोडला आणि हातच मागं घेतला. स्वतःचे हात पुसले. मग हळू उचललं. घड्याळ चालू होतं.

"काकाजी, याले सेल नसते. हे हातावर चालते. हात हलला का आतलं वजन फिरते, त्यानं चावी भरते. दोन दिवस काढून ठेवलं का थांबते."

"म्हणजे बिघडलं नाही?"

"बिघडलं? अहो, असली माल आहे. कोणाचं आहे?"

त्यानं माझ्या चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं. ते पाहणं मले लागलं. मी म्हणालो, "माझं आहे."

तो म्हणे, "मागून काच आहे याले. पाहिलं का कधी?" त्यानं घड्याळ उलटं केलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी टर्नर आहे. माझ्या लेथवर केसाच्या जाडीइतका फरक पडला का जॉब भंगारात जाई, आणि मी भंगार सगळ्यांत कमी काढे. मले वाटे, बारीक काम म्हणजे माझं काम. त्या काचेतून मी पाहिलं. तांदळाच्या कणीएवढी चाकं, त्यांले दात, प्रत्येक दाताची धार पॉलिश केलेली. स्क्रू असे का मुंगीच्या डोक्यावर मावतील. अर्ध्या चंद्रासारखा एक तुकडा हात हलवला का गरकन फिरे, आणि बाकीची चाकं आपापल्या चालीनं चाललेली. कुठं घाई नाही, कुठं घासणं नाही. हे कोणीतरी बसून बनवलं होतं. माझ्यासारखाच कोणीतरी, ज्याले सुपरवायजर रागावला असेल, ज्याची पाठ दुखत असेल. आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मले जिंदगीत पहिल्यांदा दुसऱ्याचा हात चांगला आहे असं कबूल करावं लागलं, आणि तेही एका टपरीवर उभं राहून.

तेव्हा साडेचार लाख जास्त का कमी, याचं माझं उत्तर बदललं. टाइम पाहायचा असेल तं तो पैसा वाया. पण तेवढं काम करणाऱ्या माणसाच्या कामाचा एवढा भाव कुठंतरी कोणी देते, हे मले न्यायाचं वाटलं. माझ्या जॉबवर कोणी माझं नाव टाकलं नाही, कोणी काच लावून आत पाहिलं नाही. घ्यावं असं घड्याळ. ज्याले परवडते त्यानं घ्यावं. हे माझं मत, आणि हे मत लिहितानाही मले जळतेच आहे. कारण परवडते ते मधुकरले.

घड्याळवाला म्हणे, "हातावर घालूनच न्या, चालू राहील." घातलं. माझं मनगट बारीक, पट्टा खाली सरके. टपरीपासून घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, मी तलावाकडून फिरून अर्ध्या तासानं आलो. भाजीवाल्याजवळ विनाकारण थांबलो, हात पुढं करून वांगी चाचपली. कोणीच पाहिलं नाही. एकानं विचारलं, "काका, टाइम काय झाला?" मी सांगितला, तं तो चुकीचा निघाला. काटे मी लावलेच नव्हते.

मधुकर दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी मी ते त्याच्या उशाजवळ ठेवलं. त्यानं घातलं नाही. छताकडे पाहत म्हणाला, "विलासचा फोन आला होता. डुप्लिकेट सेठ म्हणे. शाम्या, तू सांगतलं का गा?"

"हो."

तो म्हणाला, "मस्कतमध्ये अशा घड्या ढिगानं आहेत. तिथं माझा हात कोणी पाहत नाही. मी घेतली ते बोरगावानं पाहावं म्हणून. त्यातही तू पाहावं म्हणून. तूच तिले खोटी केली."

मी म्हटलं, "चहा घेतो का?" विलासले आजच फोन करतो, असं मनात ठरवलं. पंधरा दिवस केला नाही. हात मोबाइलपर्यंत जाई आणि मान ताठ होई.

मग बोरगावले विलासच्या नव्या घराचं जेवण आलं. आम्ही दोघं भाऊ गेलो. पंगतीत मधुकर बसला आणि समोरून कोणीतरी ओरडलं, "पाहू बरं घडी, डुप्लिकेट सेठ!" सगळे हसले. मधुकरही हसला. पण हसता हसता त्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली आणि घड्याळ झाकलं. सत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या गावात, चोरासारखी बाही ओढते. ते मले पाहवलं नाही.

मी पत्रावळीवरून उठलो. जेवताना उठणं आमच्यात बरं समजत नाहीत, तरी उठलो. म्हटलं, "घडी असली आहे. मी खोटं बोललो. मले सेलाची घडी आणि चावीची घडी यातला फरक समजला नाही, आणि समजल्यावर पंधरा दिवस मी गप्प राहिलो. आता ज्याले हसायचं त्यानं मले हसा."

एक म्हातारी, आमच्याच भावकीतली, वाढता वाढता म्हणाली, "मंग तुया हातात काहून नाही गा शामराव? दोघं संगंच तं गेले होते."

पूर्ण पंगत फुटली. मधुकर तं एवढा हसला का टाके धरून बसला. मी खाली बसलो आणि वांग्याच्या भाजीत बोट फिरवत राहिलो. मधुकरनं बाही वर केली.

परतताना गाडीत मी त्या म्हातारीवर चिडून होतो. मग सक्करदरा आलं, शेजारी म्हणाले, "आले का काका?" मी म्हणालो, "आलो." बस. एवढंच. चाळीस वर्षांपासून इथं राहतो, घर माझ्या नावावर आहे, लोक चांगले आहेत. पण मी काय होऊ शकलो असतो आणि काय झालो, हे इथं कोणाले माहीत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. मले कोणाशी मोजत नाहीत. इथं मी सुखी आहे आणि इथल्या कोणाचा मले कधी हेवा वाटला नाही.

हेवा मले बोरगावातच वाटते. तिथं पाय ठेवला का छातीत जळायले लागते. आधी मले वाटे, म्हणून तिथं जाऊ नये. आता वाटते, अजून जळते, म्हणजे अजून मी तिथलाच आहे.