ते लेबल फिलूमावशींनी लिहिलं नव्हतं

फिलूमावशींना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त त्यांच्यावर पुस्तक काढणाऱ्या मंडळींनी मलाही लिहायला सांगितलं. मी चौथी शिकलेली. शुद्धलेखन त्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

मावशींची ओळख भुईगावात त्यांच्या वाडीवरच झाली. आम्ही नायगावला नवीन, नवऱ्याचं काम सुटलेलं. तेल करायला बाई हवी असं कळलं म्हणून गेले. मावशी नारळ खोवत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "भांडखोर आहेस का?" मी हो म्हटलं.

"मग उद्यापासून ये. गोड बोलणाऱ्या दोघींनी माझं तेल करपवलं."

तेलाची रीत त्यांच्या आईची. नारळाच्या दुधात माका नि जास्वंद वाटून घालायची आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. मग कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर आत पाणी आहे, अजून आटवा. गप्प जळली की टोप खाली. एका रविवारी घाईत मी वात तडतडत असतानाच टोप उतरवला. मावशी चर्चमध्ये मिस्साला निघालेल्या. चपला काढून परत चुलीशी बसल्या. त्यांचा मिस्सा चुकलेला मी तेवढा एकदाच पाहिला. म्हणाल्या, असलं तेल लोकांच्या डोक्यावर घालून मी प्रार्थना कुठल्या तोंडाने करू?

नवरा इस्पितळात होता तेव्हा ह्याच बाई रोज रिक्षाने पेज घेऊन आल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे.

आता मुद्द्याचं. वसईत एका प्रदर्शनात आम्हाला टेबल मिळालं. लेबलं छापून आणायचं काम माझं. मावशींनी कागदावर लिहून दिलं होतं, नारळाचं तेल, माका व जास्वंद घातलेलं. मला ते मिळमिळीत वाटलं. छापणाऱ्याला सांगून मी खाली घातलं, "केस गळणे बंद, टक्कल जाते." मावशींचा चष्मा घरी राहिलेला. त्यांनी भरवशावर बाटल्या मांडल्या.

दुपारी परवाना खात्याच्या बाई आल्या. चिडल्या नाहीत, नीट समजावलं. विकायच्या साध्या तेलालाही परवाना लागतो, आणि टक्कल जातं असं लिहिलं की सरकार त्याला औषध धरतं, त्याचे नियम अजून कडक. हे कोणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच मावशींनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

"बाटली माझी, नाव माझं. तिला काय विचारता? ती कामाला आहे."

सगळ्या जगाशी भांडणारी मी, तिथे गप्प उभी राहिले.

विक्री बंद झाली. मावशींनी नियमाला शिव्या दिल्या नाहीत. भेसळवालेही आहेतच की, म्हणाल्या. परवान्यासाठी वेगळी खोली बांधली, फरशी घातली. पण देखरेखीला पदवीवाला माणूस हवा असा नियम, महिन्याच्या चार टोपांसाठी तसा कोण येणार? प्रत्येक टोप तपासायला कुठे पाठवणार? कारखान्याला जमतं ते. एक कारखानदार म्हणाला, माझ्या परवान्यावर करून देतो, नाव तुमचं टाकू. त्याचा नमुना मावशींनी हुंगला आणि बाटली परत दिली. यात नारळ कुठे आहे, एवढंच विचारलं. त्या आठवड्यात चूल त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. मी मदत केली नाही. मला ते बघवत नव्हतं.

आणि गावात काय बोललं गेलं? म्हातारीला हाव सुटली, टक्कल घालवायला निघाली. मिस्सानंतर लोक हसायचे, मावशी मान खाली घालून पुढे जायच्या. मी खरं सांगते म्हटलं, तर मला गप्प केलं.

"तुला अजून दहा घरी काम मागायचंय. मला आता कुठे मागायचंय?"

म्हणून इतकी वर्षं मी त्यांच्या नावावर जगले. आता पुरे. ज्यांनी ज्यांनी त्यांना नावं ठेवली त्यांनी नीट वाचावं. लेबल मी लिहिलं. मावशींना ठाऊकही नव्हतं. यावरून माझं काम गेलं तर जाऊ दे.

मावशी, हे छापलेलं बघून तुम्ही रागावणार, माझ्याशी बोलणं टाकणार. तुमचा राग काही लवकर उतरत नाही. तो पुरता उतरेपर्यंत धडधाकट राहा, शंभरी ओलांडा. मी रोज येऊन दारात बसेन.