माझा गुप्तहेर जेवायला बसतो

सहावीत शाळा सुटलेल्या माणसानं गुप्तहेरकथा लिहाव्यात यात धाडस नव्हतं, धास्ती होती. साताऱ्याकडून निघून मी चांदा जिल्ह्यात, कुरखेड्याजवळच्या एका गावात, लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी म्हणून लागलो होतो. ठेकेदार कधीही 'जा' म्हणेल असं रोज वाटायचं. तेव्हा दुसरा काही हुन्नर हाताशी असावा, एवढंच.

माझा गुप्तहेर लांब कोट घालायचा, पाइप ओढायचा आणि भेटेल त्याला दरडावून विचारायचा, काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता? कोट आणि पाइप मी चित्रातच पाहिले होते. नागपूरच्या एका मासिकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. गुप्तहेर खरा वाटत नाही, सुधारून पाठवल्यास विचार करू.

मी राहायचो ते तलावात मासे धरणाऱ्या भाऊंच्या घरी. भाऊ आणि बाई दोघंच. एकुलती लेक पलीकडच्या गावात दिलेली. खोलीचं भाडं ठरलेलं होतं, जेवण न ठरवताच सुरू झालं. मला ताप आला तेव्हा बाईंनी पेज आणून दिली, आणि ताप उतरल्यावरही ताट येतच राहिलं. ते कधी बंद होईल या धाकात मी प्रत्येक घास खायचो.

अशात भाऊंचं कुंपणावर वाळत घातलेलं जाळं गेलं. ताटाची परतफेड करायची संधी आली, आणि गुप्तहेरालाही खरी चोरी मिळाली. सुट्टीच्या दिवशी मी गावभर फिरलो, कोटाशिवाय, पण प्रश्न तोच. लोकांनी बसायला खाट टाकली. साताऱ्याला धान पिकतं का, लग्न काऊन नाई केलं, ठेकेदार घरी जाऊ देते का, सगळं विचारून घेतलं. दिवस मावळेपर्यंत गावाला माझी संपूर्ण माहिती झाली होती. मला जाळ्याची काहीच नाही. भाऊ म्हणत, उंदरानं नेलं असंल. एवढं जाळं उंदराला का झेपणार नाही, हे मी त्यांना मुद्देसूद समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात जावई आले, टोपलीभर मासे घेऊन. पंगतीत माझं डोकं चालू लागलं. मागच्या सणाला हेच जावई आपलं जाळं फाटल्याचं आणि नवं घेणं होत नसल्याचं रडगाणं गात होते.

"जावईबापू," मी म्हणालो, "मासे झकास आहेत. जाळं नवं दिसतंय..."

बाईंनी माझ्या ताटात माशाचं डोकं वाढलं. "काटे पाहून खा. जेवताना बोलू नोका."

जावई मान खाली घालून भात कालवत होते. भाऊ बाईंना म्हणत होते, त्यांले अजून वाढ. मी ताटाकडे पाहिलं आणि काटे काढू लागलो.

हात धुताना भाऊ जवळ आले. "तुले आज समजलं. गावाले त्याच दिवशी समजलं."

मग कुणी बोललं का नाही, मी विचारलं.

"लेक तिथं नांदून राह्यली ना बापा."

मी कथा नव्यानं लिहिली. कोट काढला, पाइप काढला. या गुप्तहेराला चोर कळतो तो पंगतीत, आणि कळल्यावर तो आणखी भात मागतो.

संपादकांचं उत्तर आलं. गुप्तहेर आता अगदी ओळखीचा वाटतो. फक्त शेवटी त्यानं चारचौघांत चोराचं नाव घ्यावं, लगेच छापतो. ते मासिक गावच्या शाळेत यायचं आणि गुरुजी ते पारावर वाचून दाखवायचे. मी कळवलं की गुप्तहेराचा तपास अजून चालू आहे. कथा छापली गेली नाही, ताट येत राहिलं.

भाऊ तोवर नवं जाळं विणायला बसले होते, आणि सूत गुंडाळून द्यायचं काम माझ्याकडे होतं. जावई दर खेपेला आपुलकीनं विचारायचे, जाळं कधी होते म्हणून.