पडद्याची डावी बाजू

कन्सोलवरचे गेम खेळायचे आणि ते कसे आहेत ते लिहायचं, हा माझा व्यवसाय आहे. नवी मुंबईतली नोकरी सोडून चौलला परत आले आणि घरूनच हे सुरू केलं, तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं मी टीव्ही दुरुस्त करते. बाबांनी त्यांना समजावलं, "न्हाय वो. ती खेळते आनि कसा हाय ते लिवते. त्याचाच पगार."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा रेवदंडा-अलिबाग रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवायचे. दुपारी एकला जेवायला घरी यायचे, तीनपर्यंत पडून राहायचे, मग पुन्हा नाक्यावर. त्या दोन तासांत मी त्यांना खेळायला बसवू लागले. त्याला कारण होतं. मी लहानपणापासून खेळतेय, त्यामुळे नवख्या माणसाला गेम कुठे अडवतो हे मला दिसतच नाही. बाबांना ते लगेच कळायचं. माझ्या प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी त्यांचं एक वाक्य मी जसंच्या तसं छापायचे, आणि वाचक आधी तेवढंच वाचायचे. मारामारीच्या एका गेमबद्दल ते म्हणाले होते, "दोघांचं भांडान कशावरनं हाय, ते शेवटपर्यंत सांगितलाच न्हाय."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आला. मला वाटलं, हा बाबांच्या हातचा मळ. पहिल्याच वळणावर त्यांची गाडी डाव्या कठड्याला घासली. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या फेरीत डावीकडून पुढे जाणाऱ्या गाडीला त्यांनी सरळ दाबलं.

"ही गाडी मधीच कुठनं आली?" ते वैतागले.

"केव्हाची बाजूला होती, बाबा."

"न्हवती."

मी त्यांच्या हातातला कंट्रोलर तपासला. जुना झाला की त्याची दांडी आपोआप एका बाजूला ओढते. नवा जोडून दिला, तरी तेच. परीक्षणात मी लिहिलं की डाव्या वळणांवर या गेमचं स्टिअरिंग नवख्यांना दगा देतं. मी खेळताना मात्र त्याने एकदाही दगा दिला नव्हता.

त्यानंतर कोड्यांचा गेम आला. वरून पडणारे रंगीत ठोकळे खाली रचायचे. बाबांनी उजवीकडे कुतुबमिनार उभा केला, डावी बाजू अख्खी मोकळी. मी हसले आणि पडद्याचा फोटो काढून ठेवला, परीक्षणात टाकायला. शेतीच्या गेममध्ये त्यांनी अर्ध्या शेतालाच पाणी घातलं. उरलेलं पीक वाळलं तेव्हा म्हणाले, "ते शेत आपलं हाय व्हय? मला वाटला शेजाऱ्याचा." त्यावरही मी हसले. तीन वेगळ्या जातीचे गेम आणि तिन्हींत एकच चूक. ती नोंदवणं हेच माझं काम होतं आणि मी ती विनोद म्हणून छापत होते.

मग भुताचा गेम आला.

ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. एक रिकामं हॉस्पिटल, हातात बॅटरी, आणि कुठल्यातरी खोलीत एक बाई उभी असते. ती दिसली की मागे सरायचं, एवढाच नियम. मी तो भाग तीनदा खेळले होते, त्यामुळे ती कुठे असते ते मला पाठ होतं. बाबांनी दार उघडलं. ती डाव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, त्यांच्याकडेच बघत उभी होती. लपलेली नव्हती. बॅटरीच्या उजेडात तिची बोटंसुद्धा मोजता येत होती.

बाबा शांतपणे उजवीकडची कपाटं उघडत राहिले.

"बाबा, खोलीत कोण आहे?"

"कोन न्हाय."

"नीट बघा."

"बघतोय की. रिकामी हाय खोली."

ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो गेममुळे नव्हता. तिने गळा धरला तेव्हा बाबा दचकले नाहीत. फक्त गोंधळून माझ्याकडे वळले. "ही आली कुठनं गो?"

मी टीव्ही बंद केला. तीन वाजायला आले होते. बाबा उठले, तोंड धुतलं, खिळ्यावरची चावी घेतली.

"आज नका जाऊ," मी म्हणाले.

"का?"

काय सांगणार होते? भूत दिसलं नाही म्हणून? मी म्हटलं, मलाही अलिबागला काम आहे, आणि पुढच्या सीटवर त्यांच्या डाव्या हाताला बसले. नाक्यावर मागे माणसं भरली. एक मावशी मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग बाय, जरा सांभालून. परवा गाडीभाएर आलेली माजी पाटी त्याने भिंतीला घासली."

नागावपर्यंत तो रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांचे दगडी गडगे अगदी डांबराला टेकलेले. बाबांचे हात सराईत होते. समोरून एसटी आली की बरोबर अंदाज घ्यायचे, खड्डा चुकवायचे. पण डावीकडचे गडगे माझ्या कोपराच्या इतक्या जवळून जात होते की मी हात आत घेतला. मागे कुणीतरी जोक केला, बाकीचे हसले. पुढे, डावीकडे, शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली सायकली हातात धरून चालल्या होत्या. मी बाबांकडे बघितलं. त्यांची नजर समोर होती, चेहरा निवांत. हॉर्नवर हात गेला नाही. रिक्षा उजवीकडे सरकली नाही.

"बाबा, मुली!"

"कुठं?"

मी हँडल धरून उजवीकडे वळवलं. मागे सगळे एकमेकांवर आदळले. मुली ओरडल्या. त्यांतल्या एकीची सायकल गडग्यावर पडली, तिला मात्र काही झालं नाही. बाबांनी गाडी थांबवली आणि माझ्यावर कडाडले. "चालत्या गाडीचा हँडल धरतेस? मरायचा हाय काय सगल्यांना?"

"तुम्हाला त्या दिसल्या?"

त्यांनी मान पूर्ण वळवून मागे पाहिलं. मुली सायकल उचलत होत्या. मग उतरून मागच्या माणसांना म्हणाले, "दुसरी गाडी बघा. माझी आज जायची न्हाय."

अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत. मग त्यांनी बाबांना एका यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यात कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा ऐटीत बसले, म्हणाले, "हे मला येतं." बाहेर आलेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळी होती.

"हे डोळ्यांतलं नाही," बाई म्हणाल्या. "मागचं, मेंदूतलं आहे. कधी चक्कर आली होती? जोरात डोकं दुखलेलं?"

"दिवालीत एक दिवस दुखला," बाबा म्हणाले. "चहा घेतला, राहिला."

पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचे फोटो निघाले. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. त्या बाजूची गेलेली नजर परत येणार नव्हती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले, पुन्हा होऊ शकतं, लक्ष ठेवा. कशावर ठेवायचं, ते मी विचारलं नाही. दिवाळीपासून त्या दिवसापर्यंत बाबांनी किती माणसं त्या रस्त्याने नेली, त्याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

रिक्षा बोर्ली पंचतनचा एक माणूस विकत घेऊन गेला. बाबा ओट्यावर बसून राहिले. गाडी गेटातून डावीकडे वळली, तेव्हा ती गेली की उभी आहे हे पाहायला त्यांना मान फिरवावी लागली.

शर्यतीच्या गेमचं परीक्षण मी दुरुस्त केलं. स्टिअरिंगचा दोष काढून टाकला, कारण लिहिलं नाही. बाबा अजून दुपारी माझ्याबरोबर खेळतात. मान डावीकडे नेऊन पडदा शोधायचा, असा व्यायामच डॉक्टरांनी त्यांना दिलाय, आणि आता ते जमतं. मी मात्र गेम बघत नाही, त्यांच्याकडे बघते. ते काय चुकवतात, ते वहीत लिहिते.

काल उड्या मारत नाणी गोळा करण्याचा एक साधा, लहान मुलांचा गेम होता. डावीकडचं एकही नाणं त्यांनी सोडलं नाही. उजवीकडची तीन सोडली.

"ती घ्यायची होती," मी म्हटलं.

"कुठली?" बाबांनी विचारलं.

मी पनवेलच्या हॉस्पिटलात फोन लावला. गुरुवारी बोलावलंय.