पंख्यासमोरचा कापूस

ओव्हन मध्येच बंद पडू लागला, तेव्हा आम्हा दोघांना पहिला संशय विजेचा आला. उन्हाळ्यात परभणीत व्होल्टेज खालीवर होते. स्वयंपाकघराच्या कपाटात बसवलेल्या त्या यंत्राला ते सोसत नसावे, असे मी धरून चाललो. पत्नीने मधोमध खचलेला केक बाहेर काढला, बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "परवाबी असंच झालं. आतला पंखा खरखर करायलाय, ऐकलं का तुमी?"

मी ऐकले नव्हते. तिचे कान माझ्याहून तीक्ष्ण आहेत, आणि साथीच्या वर्षापासून तर ते अधिकच तीक्ष्ण झाले आहेत. त्या तापातून ती उठली, चवही हळूहळू परतली, पण वास परत आला नाही. त्यानंतर तिचे स्वयंपाकाशी जमेना. फोडणी करपली की खमंग झाली, दूध लागले की नुसते उतू गेले, हे तिला कळत नसे, आणि मी स्वयंपाकघरात डोकावलो की ती आधी माझ्या चेहऱ्याकडे पाही. ओव्हन आला आणि हे थांबले. तिथे वजन करायचे, तापमान लावायचे, घंटी वाजली की काढायचे. नाकाचे काम नव्हते.

म्हणूनच त्या सायंकाळी महाविद्यालयातून घरी आलो आणि दारातच तो वास आला, तेव्हा मी बूट न काढता तसाच आत गेलो. तापलेल्या लाकडाचा आणि त्यातल्या गोंदाचा, घशात चिकटणारा वास होता. ती ओव्हनसमोरच उभी राहून ओटा पुसत होती. शांतपणे. मी खिडकी उघडली.

"का हो? धूळ येईल ना."

"उकडतंय जरा."

तिचे फडके थांबले. "वास येतोय ना? कशाचा?"

"लाकडाचा," मी म्हणालो. "थोडासा."

ती ओव्हनपासून एक पाऊल मागे सरकली. आपल्यापासून दोन हातांच्या अंतरावर काही जळत असावे आणि आपल्याला ते कळू नये, याचा अर्थ काय होतो हे तिला मी सांगण्याची गरज नव्हती. तिचे वडील मानवतला जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापूस आतून जळतो, असे ते सांगत. ढिगाच्या पोटात ठिणगी पडली तर ती आत धुमसत राहते आणि वरून ढीग पांढराच दिसतो. रोज संध्याकाळी ते प्रत्येक ढिगाजवळ वाकून वास घेत. त्या घराचा एकच कडक नियम होता: चालू यंत्राकडे पाठ फिरवायची नाही. बटण बंद करायचे, मगच वळायचे. पत्नी आजही मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळ्यांची भिंतीवरची बटणे खाली पाडूनच खोलीबाहेर पडते.

रविवारी तिचा धाकटा भाऊ मानवतहून एसटीने आला. तोही आता त्याच जिनिंगमध्ये फिटर आहे. चपला काढता काढता त्याने हवा हुंगली.

"दाजी, तुमी तर घरातच भट्टी लावली की!"

"लावली तुझ्या बहिणीने."

"आक्का, तुला काय येत न्हाई का वास?" तो बोलून गेला आणि मग ओशाळून चहा मागू लागला.

चहा झाल्यावर आम्ही ओव्हन रिकामाच तापवला. त्याने देवघरातल्या डब्यातून वातींचा कापूस घेतला, चिमूटभर पिंजला आणि ओव्हनच्या दाराच्या वरच्या कडेला जी अरुंद फट असते, तिच्यासमोर धरला. ओव्हनचा भोवतालचा भाग थंड ठेवणारा पंखा आतली गरम हवा तिथून बाहेर फेकतो. कापूस फडफडायला हवा होता. तो नुसता कुरकुरत्या आवाजाबरोबर थरथरला.

"दम गेलाय पंख्याचा," तो म्हणाला. "बेअरिंग कोरडी पडली. पण नवीनच हाय ना हे? एवढ्यात कशी जावी?"

ओव्हन पुरेसा तापला होता. पत्नीने कळ फिरवून तो बंद केला आणि त्याच ओघात, न पाहता, तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. खट्. खरखर थांबली आणि स्वयंपाकघर एकदम मुके झाले.

माझा तळवा तेव्हा शेजारच्या कपाटाच्या फळीवर होता. तो मी सहज ठेवला होता. आता फळी निवायला हवी होती. ती तापू लागली. माझ्या हाताचा भरवसा मला वाटेना, म्हणून मी मेहुण्याला हात ठेवायला सांगितला. त्याने ठेवला, थोडा वेळ ठेवूनच राहिला, आणि त्याचा चेष्टेचा चेहरा मावळला.

"चढायलंय, दाजी. बंद केल्यावर चढायलंय."

आम्ही बटण पुन्हा चालू केले. कळ बंदच होती, तरी पंखा आपोआप खरखरू लागला. ओव्हन विझल्यावरही आतली धग बाहेर काढत राहणे हेच त्याचे खरे काम होते, आणि रोज ऐन त्याच वेळी त्याची वीज तोडली जात होती. कोंडलेल्या उष्णतेत तो स्वतःच भाजत आला होता, आणि त्याचा दम गेल्यावर अति तापलेला ओव्हन मध्येच बंद पडू लागला होता.

पुरेसे निवल्यावर स्क्रू काढून आम्ही ओव्हन पुढे ओढला. मागच्या प्लायवूडवर एक तपकिरी डाग पसरला होता आणि मध्यभागी तो काळा झाला होता. त्याच्यापासून वीतभर अंतरावरून गॅसची नळी गेली होती. मेहुण्याने तिला बोट लावले. बोट किंचित चिकटले.

मग तो बहिणीकडे न पाहता मला म्हणाला, "काढून टाका हे. आजच. दिवसभर ही एकटी असते घरी."

"आणि मी काय करू?" पत्नी म्हणाली. "फोडणीसमोर बसून तुमची तोंडं बघू? ह्याला घंटी तरी हाय."

"आक्का, जीव गेला तर घंटी वाजवून काय उपेग?"

"बटण मी पाडत होते. ते न्हाई पाडणार."

"तुला जमंल? चालू ठेवून पाठ फिरवायला?"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. अशा वेळी मला नेहमी दुसऱ्या कुणीतरी बोलावे असे वाटते. "पाठ फिरवायची कशाला?" मी म्हणालो. "समोर बसू."

नळी दुसऱ्या बाजूने वळवली, काळी फळी कापून काढली, आणि कंपनीच्या माणसाने नवा पंखा बसवला. ओव्हनच्या मुठीला पत्नीने दोऱ्याने कापसाचा एक पुंजका बांधला. भाजणे झाले की ती स्टुलावर बसते, हात मांडीत घट्ट धरून. पुंजका फडफडत राहतो. तो आपोआप निश्चल झाला की मगच ती उठून बटण पाडते. तिच्या हातांना ते थांबणे अजूनही जड जाते, हे मला दिसते.

परवा संध्याकाळी नानकटाई निघाली, ओव्हन बंद केला आणि पुंजका फडफडत असतानाच लाईट गेली. पंख्याचा आवाज खाली खाली जात मिटला. आम्ही दोघांनी कपाटाची दारे भराभर उघडली, खालचा ड्रॉवर ओढला, सिलिंडर बंद केला. मग करण्यासारखे काहीच उरले नाही. मी फळीवर तळवा ठेवला. तिची धग चढत होती.

"येतोय का?" तिने विचारले.

मी दीर्घ श्वास घेतला. तूप, वेलची, भाजलेला मैदा. "नाही."

"परत घ्या."

मी परत घेतला. कमी होत चाललेल्या उजेडात ती माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती. आमच्या मधोमध दोऱ्याला टांगलेला कापूस होता, निश्चल आणि पांढरा.