जांबोटीची घरभेट

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि माझ्या बायकोपासून काही लपवून ठेवणं किती कठीण आहे, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तरी आठ वर्षं ठेवलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि रविवार जवळ आलाय. रविवारचं नंतर सांगतो.

मी निपाणीजवळच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. चांगलं शिकवतो असं मुलं म्हणतात, म्हणजे मार्क सढळ हातानं देतो. बेळगावातल्या काही डॉक्टर, वकील, कारखानदार मंडळींनी मिळून एक निधी चालवलाय, त्याचं थोडंफार काम मी करतो. दहावी झालेल्या एका खेड्यातल्या मुलाला किंवा मुलीला दरसाल परदेशात पाठवायचं. पूर्ण वर्ष तिकडच्या एका कुटुंबात राहायचं, तिकडच्या शाळेत शिकायचं आणि परत यायचं. अर्धा खर्च निधी देणार, अर्धा त्या मुलाच्या गावानं उभा करायचा. गावाचा हात लागला की गाव त्या मुलाची वाट बघतं, असं वकीलबाई म्हणायच्या. या वकीलबाई निधीच्या सेक्रेटरी — सत्तरीच्या, बारीक आवाजाच्या, आणि माणसांवर पटकन विश्वास टाकणाऱ्या. हा शेवटचा दोष त्यांच्यात नसता तर मी आज हे लिहीत नसतो. पण बघा, आत्तापासूनच दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागलो!

त्या साली डेन्मार्क होतं. माझ्या शाळेतून ओंकार निधीच्या निवडपरीक्षेला बसला होता. ओंकार म्हणजे तंबाखूच्या वखारवाल्या आप्पांचा एकुलता एक. निकाल माझ्या मेलवर आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. निवड — तनुजा गावडे, जांबोटी. राखीव — ओंकार. राखीव म्हणजे पहिली मुलगी काही कारणानं गेली नाही तरच हा जाणार. मी ते दोनदा वाचलं. समोर आमचे गणिताचे सर बसले होते. त्यांचा विद्यार्थी मागच्याच वर्षी इंजिनिअरिंगला राज्यात झळकला होता आणि ते अजून त्यावरच जगत होते. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "काय, लागला काय तुमचा निकाल?"

आणि मी म्हणालो, "व्हय. झाली निवड."

का म्हणालो? आठ वर्षं विचार करतोय. गणिताच्या सरांचा तो चष्मा डोळ्यांसमोर येतो, यापलीकडे कारण सापडत नाही.

मला वाटलं, संध्याकाळी आप्पांना हळूच खरं काय ते सांगावं. पण आमच्याकडे संध्याकाळ होईपर्यंत बॅनर लागतो. वीस फुटांचा. वर विमान, विमानाशेजारी आयफेल टॉवर, टॉवरखाली गॉगल घातलेला ओंकार, आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून मी — ओंकारपेक्षा मोठा! माझा मार्गदर्शन करतानाचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून मेहुण्याच्या लग्नातला फेटेवाला घेतला होता. डेन्मार्कात आयफेल टॉवर नाही, हे निदान इंग्रजीच्या मास्तरानं तरी सांगायला हवं होतं. पण निवडच खोटी, तिथं टॉवरचं काय घेऊन बसायचं? एक गोष्ट मात्र मी केली. बॅनर हायवेच्या कोपऱ्यावर लावणार होते, तो वाऱ्यानं फाटेल म्हणून आतल्या रस्त्यावर लावायला सांगितला. वकीलबाईंची बहीण कोल्हापुरात असते. वकीलबाई तिच्याकडे त्याच हायवेनं जातात.

पुढचं माझ्या हातात राहिलंच नाही. गावाचा अर्धा वाटा आप्पांनी चार व्यापाऱ्यांना चहाला बोलावून उभा केला; चहा निवायच्या आत झालं. पतसंस्थेनं बॅग दिली, दूध डेअरीनं स्वेटर दिला. हलगीच्या तालावर जीपमधून मिरवणूक निघाली आणि जीपमध्ये ओंकारशेजारी मी उभा. हात हलवत! खरं सांगू? मला फार मजा आली. एवढं सगळं चाललं असताना भीती वाटायला हवी होती. ती दुसऱ्या दिवशी वाटली.

आणि ओंकार? तो तिसऱ्या दिवशी शाळेच्या नळापाशी मला गाठून म्हणाला, "सर, मला न्हाय जायचं वो. तिथं म्हैनंच्या म्हैनं ऊन न्हाय म्हणं. आणि जेवायला नुसता पाव." मी त्याला आत्मविश्वासावर पंधरा मिनिटं ऐकवलं. म्हणजे बघा — ज्याला जायचं नाही त्याला मी ढकलत होतो, आणि जिला जायचं होतं तिचं नावही मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. निधीची एक पद्धत आहे. निवड झालेल्या मुलाच्या घरी, दुसऱ्या तालुक्यातला एक शिक्षक जाऊन येतो. घरच्यांची तयारी बघायची, शंका दूर करायच्या, सह्या घ्यायच्या. याला आम्ही घरभेट म्हणतो. वकीलबाई म्हणाल्या, "सर, जांबोटीला तुम्ही जाल का? तुमचाच मुलगा राखीव आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुम्ही आहात म्हटलं की मला काळजी नाही." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जातो की."

जांबोटी म्हणजे खानापूर तालुक्यातलं, जंगलातलं, पावसाचं गाव; तिथं एसटी आपल्या मर्जीनं येते. उतरल्यावर पाऊण तास चिखलातून चालत गेलो. छत्री दोनदा उलटी झाली. घरात तनुजाची आई, म्हातारे आजोबा आणि तनुजा. वडील गोव्यात बांधकामावर. आई शेतातून आलेली, पायांना लावणीचा चिखल तसाच. मला बघून तिला एवढा आनंद झाला की माझं निम्मं बळ तिथंच गेलं. सर आले, बेळगावच्या निधीचे सर आले. आजोबांनी मला बसायला स्वतःखालचं घोंगडं काढून दिलं.

मी काय ठरवून गेलो होतो, सांगू? घाबरवायचं. खोटं बोलायचं नाही बरं का — नुसतं खरंच जरा भीतिदायक करून सांगायचं. म्हटलं, वैनी, तिथं हिवाळ्यात ऊन जवळजवळ दिसतच नाही.

"आमच्यातबी चार म्हैनं कुटं दिसतंय सर?" ती हसून म्हणाली.

म्हटलं, तिकडे कुत्री घरात असतात, माणसांच्या शेजारी निजतात. तिनं चुलीकडे बोट दाखवलं. तिथं एक कुत्रं निजलं होतं. म्हटलं, शाळा लांब, थंडीत चालत नाहीतर सायकलनं जावं लागतं. यावर आजोबाच खुदकन हसले. तनुजा रोज किती चालून हायस्कुलात जायची ते त्यांनी मला सांगितलं, आणि मी मघाशी पाऊण तासाच्या चालण्याचं कौतुक सांगत आलो होतो, त्याची मला लाज वाटली. एकेक भीती मी काढत होतो आणि जांबोटी ती हसत हसत परत करत होती. परदेशाची तयारी म्हणून एखादं गाव बांधायचं ठरवलं, तर ते असंच बांधावं लागेल.

मग तिनं मला देवळाच्या ओसरीवर नेलं. तिथं पोती रचून ठेवली होती. गावानं अर्धा वाटा असा उभा करायचं ठरवलं होतं. घरटी तांदूळ द्यायचा, जमला की खानापुरात विकायचा. कुणी पायलीभर, कुणी अर्धं पोतं. पाऊसकाळाचे दिवस — नवं भात दिवाळीकडे येणार, घरोघरचा साठा तळाला लागलेला. त्यातून काढून दिलेला तांदूळ तो. "निम्मं जमलंय सर," ती म्हणाली. मग आवाज खाली करून म्हणाली, "मला लई वंगाळ वाटतंय वो. लोकांच्या घरात खायाचं हाय ते. मागायला जाताना पाय उचलत न्हाय माझा."

इथं थांबतो जरा.

कारण इथं मला सापडलं. ती उन्हाला घाबरत नव्हती, कुत्र्याला नाही, थंडीला नाही. फक्त शेजाऱ्याच्या भाताला लाजत होती. एवढी भली बाई, आणि मी तिच्या भलेपणातच बोट घातलं. म्हणालो, "वैनी, एवढी घाई कशाला? यंदा राहू दे. पुढच्या वर्षी तनुजाचा नंबर पक्का आहे. निवड झालेलीच आहे तिची, ती कुठं जातीय? वर्षभरात सावकाश जमवा. गावावर भार नको."

तिचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. माझे हात धरले तिनं. म्हणाली, "देवासारखं आलासा बघा सर."

पुढच्या वर्षी नंबर पक्का वगैरे काही नसतं. जाण्याच्या दिवशी वय सतराच्या आत हवं, हा निधीचा नियम आहे. तनुजाला सोळा वर्षं पाच महिने झाले होते. पुढच्या वर्षी ती त्या नियमात बसणारच नव्हती, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, खोटं बोललो, चुकलो, आणि इथंच संपवलं असतं. पण अजून एक राहिलंय. मघाशी मुद्दामच गाळलं मी — बघितलंत ना, कबुली देतानासुद्धा माणूस कसा हात आखडता घेतो?

आम्ही बोलत होतो तेव्हा तनुजा ओसरीच्या खांबाशी उभी होती. तोवर एक शब्द बोलली नव्हती. आईनं माझे हात सोडल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, फॉर्मवर वय लिवलंय की. सतराच्या आत."

आणि मी तिच्याकडे बघून, हसून म्हणालो, "ते नियमाचं मी बघतो गं बाळ. नियम कुणी केलेत? आम्हीच ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं तिनं. आई डोळे पुसत होती, हलकी झाली होती.  तनुजानं आत जाऊन कागद आणला. 'घरच्या अडचणीमुळे यंदा जाऊ शकत नाही' असं पत्र मी इंग्रजीत सांगितलं आणि तिनं लिहिलं. मी सांगितलं त्यापेक्षा बरं लिहिलं. सही केली. निघताना आईनं घरातला तांदूळ पिशवीत बांधून दिला, सरांना वानोळा म्हणून. तो मी घेतला! घरी भात शिजला तेव्हा वासानं शेजारीण डोकावून गेली. बायको म्हणाली, परत कधी जाणार जांबोटीला? मी दोनदा वाढून घेतला.

देवळातला तांदूळ तनुजाच्या आईनं घरोघर परत नेऊन दिला. डोक्यावरून, पावसात, चार दिवस. हे मला तिच्या शाळेच्या हेडमास्तरांनी फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "अरे वा, प्रामाणिक माणसं."

ओंकार गेला. चौथ्या महिन्यात परत आला. वडिलांना फोनवर रडून म्हणाला, आप्पा, मला झुणका पायजे. गावानं त्याचा पुन्हा सत्कार केला, त्याच बॅनरवर 'स्वागत' चिकटवून. आता वखारीत बसतो. मोटारसायकल सुरू झाली नाही की तिला डॅनिशमधून शिव्या देतो. तेवढाच काय तो निधीचा फायदा.

पुढच्या वर्षी तनुजाचा अर्ज आला. अर्ज तपासायला मीही बसलो होतो; वयामुळे तो बाद झाला. वकीलबाई चुकचुकल्या, "थोडक्यात हुकलं हो पोरीचं." मी म्हणालो, "हो ना."

आता रविवारचं. तनुजा बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मागच्या महिन्यात तिनं निधीसाठी काम करायचं म्हणून अर्ज दिला, तोही घरभेटीच्या कामासाठीच. बैठकीत ती आमच्यासमोर बसली होती. वकीलबाईंनी अर्ज मोठ्यानं वाचला. हे काम का करावंसं वाटतं, यापुढे एकच ओळ होती: मुलांच्या घरी खरं सांगणारं माणूस जावं म्हणून.

सगळ्यांना फार आवडलं. वकीलबाई तर हरखून म्हणाल्या, "किती नेमकं लिहिलंय! सर, अगदी तुमच्यासारखं."

तनुजा कपातला चहा संपवत म्हणाली, "सरांना मी वळकते. सर आमच्या घरी आलते."

बस, एवढंच. आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. वकीलबाईंनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की पहिली घरभेट तिनं माझ्याबरोबर करावी, म्हणजे ती शिकेल. लोंढ्याजवळची एक मुलगी आहे यंदा. मी मान हलवली.

त्या ओसरीवर मी खोटं बोलत होतो, हे दोघांना कळत होतं — मला, आणि सोळा वर्षांच्या त्या मुलीला. आईला बरं वाटावं म्हणून ती गप्प राहिली, आणि ती गप्प राहतेय हे दिसत असून मी पत्र सांगत राहिलो. तिचं वर्ष मी घेतलं. घाबरून नाही, चुकून नाही — एका बॅनरसाठी घेतलं.

रविवारी सकाळी ती लोंढ्याच्या गाडीसाठी बेळगाव स्टेशनवर येणार आहे. त्या घरात काय बोलायचं ते तिनं मला अजून विचारलेलं नाही. गाडीत ती माझ्यासमोर बसेल.