रुमालाखालचा सौदा

आमच्या ह्यांना पहिला भाव जन्मात कधी पटला न्हाई. मिठाचा पुडा घ्यायचा तरी घासाघीस. लगीन लावायला आलेल्या भटजीला म्हनाले, "दोन मंगलाष्टकं कमी करा, आन दक्षिनाबी तेवढीच कमी करा." मला बघायला आले तवा माझ्याकडं मान वर करून बघितलं न्हाई, पन आमच्या दावनीच्या खिलारी गाईचे दात मातुर बघून गेले. घरी जाऊन आईला म्हनाले, "पोरगी बरी हाय, गाय लई झकास हाय." सासूबाईंनीच हे मला सांगितलं, आन वर हसल्या.

नाव घ्यायचं तर अजिनाथ. साठी उलटल्यावर आता कसली लाज? घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल हायत. एका अंगाला घेनारा, एका अंगाला विकनारा, मधी हे. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा आन त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, पंजा धरला की पाच. भोवती जत्रा उभी असली तरी कुनाला पत्ता लागत न्हाई. वरून तोंडानं मोप थापा चालू: "लई गरीब गाय, लेकरूबी धार काढतंय!" त्या गाईनं कालच कुनाला तरी लाथ घालून आडवं केलेलं असतंय. पन रुमालाखाली खोटं न्हाई. बोटांनी सांगितलं ते खरं, आन एकदा हात दाबला की सौदा मोडायचा न्हाई. आमच्या ह्यांचा धर्म म्हनाल तर एवढाच.

ही बोटांची भाषा मलाबी येती. नवीन लगीन, दोन खनाचं घर, सासूबाई उशाशी. नवऱ्याशी बोलायची चोरी. मंग ह्यांनी गोधडीखाली शिकवली. काय काय सौदे झाले ते हितं सांगत न्हाई. दोन पोरी हायत, समजून घ्या.

तर गेल्या साली हे बाजारातून आले आन ओट्यावरच बसले. म्हनाले, "छातीत कोंबडं फडफडतंय गं." मी हात लावून बघितला. खरंच की! पळतंय, थांबतंय, परत अडखळून पळतंय. "पित्त झालंय," म्हनाले आन सोडा पिले. दुसऱ्या दिशी देवळाचा चढ चढताना दोनदा खाली बसले. मी म्हनलं, चला नगरला. हे म्हनाले, पुढचा बाजार करून जाऊ. दुखन्याशीबी घासाघीस! मी पुतन्याला, सुनीलला, गाडी काढायला लावली आन ह्यांना आत ढकललं.

नगरच्या दवाखान्यात डाक्टरीनबाई हुत्या, आमच्या धाकटीच्या वयाच्या. ठोक्यांची कागदी पट्टी काढली, सोनोग्राफीवानी मशीन छातीवर फिरवलं आन समजून सांगायला लागल्या. "काका, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. मग आत रक्त साचतं, त्याची गाठ होते. ती मेंदूत गेली की लकवा."

लकवा! ह्यांचा हात गेला तर दलाल गेला, आन जीभ गेली तर मानूसच गेला. गप बसलेला अजिनाथ मला कुनी फुकट दिला तरी नको.

बाई म्हनाल्या, थोडा वेळ गुंगी देऊ, छातीवर विजेचा झटका देऊ, ठोका जागेवर येईल. दुखनार न्हाई, कळनारबी न्हाई. पन त्याच्या आधी तीन आठवडं रक्त पातळ करायच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, एक म्हनून चुकवायची न्हाई.

"ग्यारंटी किती?" ह्यांनी इचारलं.

"गॅरंटी नाही, काका. बऱ्याच जणांचा ठोका सुधारतो. काहींचा पुन्हा बिघडतो. गोळ्या नंतरही चालू ठेवायच्या."

हे ह्यांना लई आवडलं. मला म्हनाले, "बाई खरी हाय. बैलाचीबी ग्यारंटी नसती." आन खांद्यावरचा रुमाल काढून टाकला की बाईंच्या हातावर! खाली हात घातला. त्या बिचारीला वाटलं, नाडी दाखवत्यात. तिनं मनगट धरलं आन घड्याळाकडं बघाया लागली.

"तीन आठवडं लई हुत्यात," हे म्हनाले. "दोनावर बसवा."

बाईंनी रुमाल घडी घालून परत दिला. "काका, इथं एकच भाव आहे."

बाहेर आल्यावर हे हसले. "पहिला भाव कधी खरा नसतोय, रंगू. ती सांगनार तीन, आपन धरायचं दोन." मला वाटलं, सवयीनं बोलत्यात. गोळ्यांची पिशवी ह्यांनी स्वतःकडं ठेवली. मी रोज इचारायची, घेतली का? रोज म्हनायचे, घेतली, घेतली, किती डोकं खातीस!

ठरल्या दिशी रातीपासून उपाशी पोटी गेलो. तिथं नर्सनं छातीवरले केस काढले. "लग्नातबी एवढी हजामत केली न्हवती," हे म्हनाले. मंग एक मोठी चिकटपट्टी छातीवर, एक पाठीवर, त्याच्या वायरी मशीनला. मी दाराशी उभी. बाईंनी इचारलं, "काका, गोळी एकही चुकली नाही ना?"

ह्यांनी घसा खाकरला. "एकबी न्हाई."

ते खाकरनं मी वळखलं. लाथाड गाईला गरीब म्हनायच्या आधी हे अस्संच खाकरत्यात! चाळीस वरसं ऐकतीया मी. बाई गुंगीचं इंजेक्शन भरत हुत्या. मी सरळ आत गेले, ह्यांच्या उशाचा रुमाल उचलला, त्यांच्या हातावर टाकला आन खाली माझा हात घातला.

"आता सांगा," मी म्हनलं.

नर्सला वाटलं, म्हातारा-म्हातारीचं पिरेम. ती गालात हसली. हे छताकडं बघाया लागले. हात ओढून घेतील असं वाटलं, पन तेवढं पाप त्यांच्यानं झालं न्हाई. आधी पंजा धरला. मी मनात म्हनलं, पाच चुकल्या, आता सोडतील. सोडला, आन परत चार बोटं धरली.

"बाई, थांबा!" मी वरडले. "नऊ चुकल्यात!"

बाईंनी सुई खाली ठेवली. रागावल्या न्हाईत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी घशात फवारा मारून नळी घातली आन आतून हृदय बघितलं. मंग मला पडद्यावर दाखवलं. कप्प्याच्या कोपऱ्यात एक गाठ लोंबत हुती.

"काकू, आज शॉक दिला असता आणि ठोका सुधारला असता, तर ही गाठ सुटून मेंदूत जाऊ शकली असती."

मंग मी जे बोलले ते दवाखान्यात कुनी बोलत नसतंय. मेल्या, मुडद्या, सगळं काढलं. "तुमची हौस हुती व्हय, मला तुमची शी-मूत काढायला लावायची? त्यातबी सवलत मागितली असती का?" येताना सुनीलनं रसवंतीवर गाडी थांबवली. रसवाल्यानं मागितले तेवढे पैसे ह्यांनी दिले. तवा मी खरी घाबरले.

त्या दिवसापासून गोळ्या माझ्या कमरेच्या पिशवीत. गोळी द्यायची, पानी द्यायचं, आन जबडा उघडायला लावायचा. जीभ वर, जीभ खाली. "जनावर हाय का मी?" म्हनायचे. "जनावर बरं, ते औषधाला खोटं बोलत न्हाई." जलमभर ह्यांनी दुसऱ्यांचे दात बघितले, आता मी ह्यांचे बघत हुते. बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं. कुनी म्हनायचं, तात्या, आ करा बघू! हे शिव्या द्यायचे, पन आ करायचे.

दीड महिन्यानं परत गेलो. परत नळी. गाठ विरघळली हुती. बाईंनी मला बाहेर बसवलं. सुनीलनं चहा आनून दिला. तो हातात घेऊन मी देवाला म्हनलं, बाबा, आज ह्यांच्याशी घासाघीस करू नको, हे तुला ऐकायचे न्हाईत. चहा निवायच्या आत बाई बाहेर आल्या. पहिल्या झटक्याला ठोका बधला न्हाई, दुसऱ्याला बसला. पहिला भाव हृदयालाबी पटला न्हाई, मी मनात म्हनलं.

आत गेले तर मशीनवरची रेघ कशी एका तालात टक टक चाललेली. छाती उन्हात भाजल्यागत लाल. ह्यांनी डोळे किलकिले केले. "कवा देनार शॉक?"

"दिला की!"

"मला न सांगता?"

बाई म्हनाल्या, "काका, गुंगी उतरली वाटली तरी उद्यापर्यंत गाडी चालवायची नाही. आणि आज कुठला व्यवहार ठरवायचा नाही, सही करायची नाही. डोकं ताळ्यावर नसतं." मंग मला गोळ्यांचं परत बजावून गेल्या.

मी खुर्ची ओढून बसले. जरा वेळानं चादर हालली. ह्यांचा हात चाचपडत आला आन माझा हात आत ओढून घेतला. पंजा धरला.

"काय हे?"

"वरसं," हे पुटपुटले. "अजून एवढी. चालतील?"

पाच! एवढं सगळं करून पाच! माझं डोकंच फिरलं. मी त्यांचा पंजा धरला, सोडला, परत धरला. चार वेळा धरला.

"लई हुत्यात गं."

"हितं एकच भाव हाय," मी म्हनलं.

ह्यांच्या डोळ्यांतून पानी गळून कानात चाललं हुतं, ते पुसायचंबी भान न्हाई. मंग त्यांनी हात दाबला. जोरात. मला रडू फुटलं, आन नर्स पळत आली, काय झालं काकू?

दुसऱ्या दिशी घरी सकाळची गोळी द्यायला बसले. रातभर माझ्या मनात किडा वळवळत हुता. मी म्हनलं, "आवं, कालचा सौदा धरायचा न्हाई. गुंगीत झाला. बाईंनी व्यवहार करू नका म्हनून सांगितलं हुतं. आन रुमालबी न्हवता, चादर हुती."

ह्यांनी गोळी गिळली. न सांगता आ केला, जीभ वर केली, खाली केली, मला नीट दाखवली.

"चादर असंना का," म्हनाले. "हात दाबलाय मी. आता मोडायचा न्हाई."