बहिणीच्या प्लॉटचा झोन दाखला

"अक्का, जळगावात प्लॉट पाह्यला आम्ही. तुह्या घरापासून धा मिन्टं. आता जवळ जवळ राहू आपण," धाकटी बहीण धुळ्याहून फोनवर म्हणाली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तोंडानं मी "अरे वा, छान" म्हणाले. फोन ठेवल्यावर दुपारभर भांडी आपटली. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तर त्यालाच झापलं.

हेवा मला नवा नव्हता. फैजपूरजवळच्या आमच्या गावात असताना तिची वेणी माझ्यापेक्षा जाड होती, तेव्हापासून मी तिच्यावर जळत आले आहे. पण हे प्लॉटचं दुखणं वेगळं होतं. पंधरा वर्षांपूर्वी हाच ले-आउट आम्ही दोघांनी स्कूटरवरून जाऊन पाहिला होता. तेव्हा तिथं नुसते दगड रोवलेले होते आणि पलीकडे कापूस. "एवढ्या लांब कोण राहायला येणार?" म्हणून नवऱ्यानं स्कूटर वळवली आणि आम्ही जळगावातच भरवस्तीत रो-हाऊस घेतलं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या आहेत. दारात तुळस ठेवली तर चपला काढायला जागा उरत नाही. तेही नवऱ्याच्या नावावर. बहिणीचा प्लॉट बहिणीच्या नावावर होणार होता. हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की मला आणखीच झोंबलं.

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून नकाशे मला कळतात असा घरात सगळ्यांचा समज आहे. बहिणीनं सगळे कागद मोबाइलवर पाठवले. "बयाना दिला हाये, खरेदी महिन्यानं. तू पाह्य अक्का, तुले समजतं."

मग मी शिकायला बसले. लोक घर बांधायचं म्हणून हे सगळं शिकतात, मी खोड काढायला शिकले. दलाल भाव फुटाचा सांगतो आणि कागदावर क्षेत्र मीटरमध्ये असतं, त्यात बरेच जण फसतात हे कळल्यावर मी मोठ्या आशेनं कॅल्क्युलेटर काढला. बहीण फसली नव्हती. शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात शेतीचा पट्टा हिरवा असतो आणि त्यात घर बांधायची परवानगी मिळत नाही, हे समजलं तेव्हा वाटलं, झालं, हा हिरव्यात असणार. तो ठसठशीत पिवळ्यात होता, म्हणजे रहिवासी. बिनशेतीचा आदेशही जागेवर. मग म्हटलं, त्या भागात काळी माती आहे, पाया खोल न्यावा लागेल, निम्मा पैसा जमिनीतच जाईल. तर पाहुण्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आधीच खड्डा घेऊन पाहिला होता. तीन फुटांवर पक्का मुरूम. शिवाय शेजारी ले-आउटची मोकळी जागा सोडलेली, तिथं कधी कुणाला बांधता येणार नाही. म्हणजे हिला जन्मभराचं वारं फुकट! मला रागानं रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी मी नगररचना कार्यालयात गेले. गट नंबर घालून अर्ज केला की कुणालाही झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे त्याचा कागद मिळतो, सोबत त्या जागेचा भाग नकाशाही. अर्ज माझ्याच नावानं केला. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "प्लॉट तुमचा का मॅडम?" मी म्हटलं, "बहिणीचा." तो म्हणाला, "हल्ली कोण करतं हो बहिणीसाठी एवढं?" मी मान खाली घालून पैसे भरले.

आठवड्यानं कागद हातात आला आणि तिथंच बाकावर बसून मी तो वाचला. समोरचा रस्ता बारा मीटरचा होता. सुधारित आराखड्यात तो अठरा मीटर दाखवलेला. म्हणजे दोन्ही बाजूंचे तीन-तीन मीटर रस्त्यात जाणार. बहिणीच्या प्लॉटची सगळी पुढची पट्टी, ज्यात ती झोपाळा लावणार होती, ती गेली.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. येताना पावशेर जिलबी घेतली. नवऱ्यानं विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सहज."

खरेदीला तेव्हा आठ दिवस होते. आठ दिवसांत बयाना परत मागता आला असता, भाव पाडून घेता आला असता, निदान विचार करता आला असता. माझ्या एका फोनचं काम होतं. बहीण तर रोज संध्याकाळी स्वतःच फोन करायची. पडदे कुठले घेऊ, स्वयंपाकघर पूर्वेला करू का, तुझ्यासाठी खालची खोली ठेवू का, तुझे गुडघे दुखतात. मी हं हं करत राहायचे. कागद कपाटात साड्यांखाली होता. उद्या सांगू म्हणायचे आणि उद्या पुन्हा मूग गिळून बसायचे. एकदा घेऊ तर दे तिला, मग कळेल, असं मनात चालायचं. शिक्षिका आहे मी; मुलांना खरं बोलायला शिकवते.

खरेदीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अक्का, उद्या करू ना मग खरेदी?"

मी म्हटलं, "करा की."

दोन महिन्यांनी आखणी होती. सकाळी आठला सगळे प्लॉटवर जमलो. आर्किटेक्ट टेप धरून उभा होता आणि मिस्त्री दोरी लावून जमिनीवर पांढरी फक्की टाकत होता. बहीण नवी साडी नेसून इकडून तिकडे फिरत होती. इथं हॉल, इथं देवघर. माझा हात धरून ती मला त्या फक्कीच्या खोल्यांमधून हिंडवत होती, दार नसलेल्या जागी दारातून वळत होती. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी पर्समधून दाखला काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घाई करू नका. पुढचे तीन मीटर रस्त्यात जातात. झोपाळा-बिपाळा काही नाही होणार."

पाहुणे हसले. "अक्का, ते बठ्ठं आमले मालूम शे," ते म्हणाले. म्हणजे त्यांना सगळं आधीच माहीत होतं. मग नीट समजावून सांगायला लागले, मी विद्यार्थिनी असल्यासारखं. "म्हणून तर मालकानं भाव कमी केला. आणि ती जागा वाया नाही जात. महापालिकेला दिली की तेवढं बांधकाम वर वाढवून मिळतं. बघा ना, फक्कीसुद्धा तीन मीटर सोडूनच टाकलीय. उद्या अठरा मीटर रस्त्यावरचं घर होईल हे."

मी खाली पाहिलं. खरंच सोडली होती. इतका वेळ मी त्या फक्कीच्या रेघांमधूनच फिरत होते आणि मला दिसलं नव्हतं. प्लॉट आता आधीपेक्षाही चांगला निघाला होता, आणि पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती हीच. लाज नंतर आली.

बहिणीनं माझ्या हातातला कागद घेतला. ती तो नकाशा बघत नव्हती, वरच्या ओळी वाचत होती. अर्जदार म्हणून माझं नाव. त्याच्या बाजूला तारीख.

"हा तं खरेदीच्या आधीचा हाये," ती हळूच म्हणाली.

"शाळेच्या कामात राहून गेलं गं," मी म्हटलं.

पाहुणे आर्किटेक्टकडे वळून उगाच काहीतरी विचारायला लागले. बहीण माझ्याजवळ सरकली. "आर्किटेक्टनं रस्त्याचं सांगितलं ना, तवा हे नाहीच म्हणत होते. आदल्या दिवसापर्यंत नाहीच म्हणत होते. मीच म्हटलं, अक्कानं सगळे कागद पाह्यले हायेत. वाईट असतं तं अक्का बोलली असती. मंग तुले फोन केला. तू म्हटलं करा, म्हणून केली खरेदी."

ती रडली नाही, की चिडली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवून चेन लावली.

मिस्त्रीनं नारळ कुणी फोडायचा विचारलं. ती म्हणाली, "अक्का फोडतील. मोठ्या हायेत." आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अहो-जाहो केलं. मी नारळ घेतला. माझ्या जागी ती असती, तर तो कागद हातात आला त्याच दिवशी धावत माझ्या घरी आली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. नारळ फोडताना तिचं घर, तिचं वारं, तिचा अठरा मीटरचा रस्ता, यातलं काही मनात नव्हतं. ती अशी का आणि मी अशी का, एवढ्याच गोष्टीनं मी जळत होते.